विद्युत पॅरामोटर : मुक्त आराखडे आणि कॅड सहकार्य

पाठीवर बांधायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या उड्डाणयंत्राचे आराखडे सर्वांना खुले ठेवून ठिकठिकाणच्या लोकांनी त्याची त्रिमितीय संगणकीय (कॅड) मॉडेल एकत्रितपणे तयार करण्याची व सुधारण्याची पद्धत. अमेरिकेतील ‘ओपनपीपीजी’ हा प्रकल्प हे तिचे ठळक उदाहरण होय. त्याच्या प्रारंभीच्या यंत्रात चार मोटर व चार प्रॉपेलर होते. पुढे ‘एसपी१४०’ या यंत्रात त्यांची जागा एका मोठ्या प्रॉपेलरने घेतली. हातातील थ्रॉटल-कंट्रोलरचा प्रोग्रॅमही या प्रकल्पाने खुला ठेवला आहे.

रचना : पॅराग्लायडरच्या कापडी विंगखाली, हार्नेसमध्ये बसलेल्या वैमानिकाच्या पाठीशी ही यंत्रणा असते. मोटर, प्रॉपेलर, मोटरचा वेग राखणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, बॅटरी, हातातील थ्रॉटल, फ्रेम आणि प्रॉपेलरभोवतीची जाळीदार कडी हे तिचे मुख्य भाग. उड्डाण पायांनी धावत घेतले जाते, त्यामुळे प्रत्येक किलो वजन वैमानिकाच्या पाठीवर येते. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे 12 किलोवॉट-तास उष्णता-ऊर्जा असते, तर एक किलो लिथियम-आयन सेलमध्ये साधारण पाव किलोवॉट-तास. पेट्रोल इंजिनात बरीचशी ऊर्जा वाया जाते हे धरूनही हा फरक मोठाच राहतो. 4 किलोवॉट-तासांच्या बॅटरीतून सरासरी 6 किलोवॉट घेतले, तर ती 40 मिनिटांत संपते. म्हणून आरेखनाचा बहुतेक भर वजन व वीज वाचवण्यावर असतो.

प्रॉपेलरचा व्यास वाढवणे हा वीज वाचवण्याचा एक मोठा मार्ग आहे. स्थिर अवस्थेत 500 न्यूटन रेटा मिळवण्यासाठी आदर्श गणिताने 1 मीटर व्यासाला सुमारे 8 किलोवॉट लागतात, तर 1.4 मीटर व्यासाला 5.8 किलोवॉट पुरतात. मोठा प्रॉपेलर मात्र मोठी कडी मागतो. तिचे वजन वाढते, ती गाडीत नेणे अवघड होते आणि म्हणून तिचे सुटे होणारे तुकडे करावे लागतात. या तुकड्यांचे सांधे हा कॅड कामाचा नाजूक भाग ठरतो.

सहकार्याची पद्धत : अशा प्रकल्पाचे मूळ मॉडेल शक्यतो पॅरामेट्रिक ठेवतात, म्हणजे एक माप बदलले की त्यावर अवलंबून असलेले भाग आपोआप बदलतात. दुसरी मोटर निवडल्यास तिच्या बोल्टांची मांडणी बदलते आणि तिच्यामागची प्लेट नव्याने काढावी लागते. पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये हे काम काही मिनिटांत उरकते. वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांमध्ये देवाणघेवाणीसाठी स्टेप, प्लेट कापण्यासाठी डीएक्सएफ आणि त्रिमितीय छपाईसाठी एसटीएल ही फाइल-स्वरूपे वापरतात. एसटीएल फाइलमध्ये एकक नोंदलेले नसते. मिलिमीटर की इंच, हे वेगळे लिहावे लागते. स्टेपमध्ये आकार टिकतो, पण तो ज्या क्रमाने रचला गेला तो इतिहास सहसा हरवतो. प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्या ओळीओळीने जुळवून एकत्र करता येतात. कॅड फाइलींचे तसे होत नाही. म्हणून फ्रेम, कडी, मोटर-माउंट, बॅटरी-पेटी असे विभाग पाडून एका वेळी एका विभागावर एकानेच काम करणे सोयीचे असते. फ्रीकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर अशा कामांना उपयोगी पडते; 2024 मध्ये आलेल्या त्याच्या 1.0 आवृत्तीत सुटे भाग एकत्र जोडून पाहण्याची (असेंब्ली) अंगभूत सोय आली.

मॉडेलमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी : 6061 या ॲल्युमिनियम मिश्रधातूची नळी वेल्ड करता येते. 7075 अधिक मजबूत असते, पण नेहमीच्या वेल्डिंगमध्ये ती तडकते. आकार तोच असल्याने मॉडेलमध्ये दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात. कडीचेही असेच आहे. पडद्यावर ती अचूक वर्तुळ असते. उड्डाण घेताना मात्र विंगच्या दोऱ्या तिच्यावर दाबतात आणि ती प्रॉपेलरकडे वाकते. 1.4 मीटरचा प्रॉपेलर मिनिटाला 2,200 फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 160 मीटर होतो. टोक व कडी यांच्यातील अंतर त्यामुळे भार देऊन मोजावे लागते. पीएलए प्लास्टिकचा छापील भाग 60 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतो. उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या यंत्राला हे पुरेसे धोक्याचे आहे. विद्युत मोटर इंजिनसारखी धडधडत नाही. ती शांत असतानाही सज्ज असू शकते. त्यामुळे थ्रॉटल सुरक्षित करणाऱ्या बटणाची जागा ठरवणे हे मोटर-माउंटइतकेच महत्त्वाचे आरेखन आहे.

परवाने व जबाबदारी : यंत्रांच्या खुल्या आराखड्यांसाठी ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेचा मुक्त हार्डवेअर परवाना वापरता येतो. 2020 मधील त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत तीन प्रकार आहेत; त्यांपैकी कडक प्रकारात, सुधारलेला आराखडा किंवा त्यावरून बनवलेली वस्तू इतरांना देणाऱ्याने सुधारणाही त्याच अटींवर खुल्या करायच्या असतात. अमेरिकेत पॅरामोटर संघीय विमानवाहतूक नियमांच्या भाग 103 खाली येतात. या भागानुसार यंत्राला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र किंवा वैमानिकाला परवाना लागत नाही. म्हणजे कोणाचे तरी मॉडेल उतरवून घेऊन कापलेली प्लेट थेट आकाशात जाऊ शकते. मध्ये तपासणारा अधिकारी नसतो.

मुक्त आराखड्याचे खरे मोल येथेच आहे. आकारासोबत धातूचा प्रकार, जाडीमागचे कारण, बोल्टचा टॉर्क, दिलेला भार आणि मोडलेल्या भागाची नोंदही खुली ठेवली, तर एका कार्यशाळेत आढळलेला दोष दुसऱ्या देशातील वैमानिक जमिनीवर असतानाच दूर करू शकतो. चाचणीच्या नोंदीविना वाटलेले मॉडेल अपुरे मानावे, हा या सहकार्याचा पहिला नियम असायला हवा.