विकिपीडियावर संदर्भ मागण्याचा रिवाज

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, तेव्हा लेखाला संदर्भ जोडण्याची कोणावर सक्ती नव्हती. त्याआधीचा न्यूपीडिया हा प्रकल्प तज्ज्ञांचा होता. तिथे लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जाई आणि पहिल्या वर्षात जेमतेम वीसेक लेख पार पडले. विकिपीडियाने ही चाळणीच काढून टाकली. ज्याला जे ठाऊक त्याने ते लिहावे, चुकले तर दुसरा सुधारील, असा भरवसा होता. लेख भराभर वाढले, पण वाचकाने विश्वास कशावर ठेवायचा हे ठरायचेच राहिले.

छापील कोशात हा प्रश्न सहसा पडत नाही. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशातली नोंद उघडली की शेवटी संदर्भग्रंथ आणि नोंदलेखकाचे नाव दिसते. पाठीशी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखा प्रमुख संपादक असतो. विकिपीडियावर लिहिणारा बहुधा टोपणनावाने वावरतो. त्यामुळे माणसाऐवजी त्याने दाखवलेला पुरावा तपासणे भागच होते. २००३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर पडताळणीयोग्यतेचे धोरण आणि स्वतःचे अप्रकाशित संशोधन न मांडण्याचा नियम आकाराला आला.

या नियमांना धार आली २००५ मध्ये. जॉन सिगेनथॉलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कोणीतरी थट्टा म्हणून केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडला. हा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. सिगेनथॉलर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून ते चव्हाट्यावर आणले. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर अनामिकांना नवे लेख सुरू करण्याची मनाई झाली आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी कडक नियम आले. तळटीप सहज जोडता येईल अशी तांत्रिक सोयही त्याच सुमारास झाली.

मग ‘संदर्भ हवा’ ही पाटी जागोजागी दिसू लागली. पाटी लावायला क्षण पुरतो, संदर्भ शोधण्यात मात्र संध्याकाळ जाते. आणि हा भार नेमका नवख्यावर पडला. २००७ नंतर इंग्रजी विकिपीडियावरचे सक्रिय संपादक घटू लागले. नवागतांचे लेखन पटकन उडवले जाणे हे त्याचे एक कारण असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. त्यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये तिथे ‘टीहाउस’ हे शंकासमाधानाचे पान उघडले. सशुल्क नियतकालिके मोफत वाचता यावीत म्हणून विकिपीडिया लायब्ररी उभी राहिली. तिच्यासाठी सहा महिने जुने खाते आणि ५०० संपादने लागतात, म्हणजे ज्याला गरज जास्त त्यालाच दार बंद. नवख्याला जुन्या संपादकाकडेच मागावे लागते. २०१६ पासून ग्रंथपालांनाही साकडे घातले जाते: प्रत्येकाने एक तरी संदर्भ जोडावा.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. तिथे चर्चेला चावडी आणि सरावाला धूळपाटी आहे. नवखा लेखक बहुधा आपल्या गावापासून सुरुवात करतो. जत्रेची हकिकत त्याने आजोबांकडून ऐकलेली असते, आणि ती संदर्भ म्हणून चालत नाही. मौखिक माहितीचाही आधार घेता यावा यासाठी २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत प्रयोग झाला, पण तो नियमात रुजला नाही. अशा वेळी जाणता संपादक त्याला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा जिल्हाखंड किंवा केतकरांचा ज्ञानकोश पाहायला सांगतो, लोकसंख्येसाठी जनगणनेकडे पाठवतो आणि गॅझेटिअरमधले एकोणिसाव्या शतकातले आकडे आजचे म्हणून न देण्याची ताकीद देतो. खंड, पृष्ठ आणि वर्ष टिपून घ्यायलाही तोच शिकवतो. नुसते पुस्तकाचे नाव दिल्यास पुढच्याला काहीच तपासता येत नाही.

जुनी मराठी मासिके आणि जिल्हा वृत्तपत्रे अजून मोठ्या प्रमाणावर कपाटांतच आहेत. त्यामुळे मराठी नवागताला जवळच्या ग्रंथालयात जाऊन हवे ते पान काढून देणाऱ्या माणसाइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होत नाही.