भारतातील वाफेच्या इंजिनांचे जतन

भारतातील वाफेच्या इंजिनांचे जतन म्हणजे नियमित सेवेतून निवृत्त झालेली वाफेवर चालणारी रेल्वे इंजिने भंगारात जाऊ न देता प्रदर्शनासाठी सांभाळणे, अथवा दुरुस्त करून पुन्हा चालती करणे होय. भारतीय लोहमार्गांवर १८५३ पासून सुमारे १४० वर्षे वाफेच्या इंजिनांनी प्रवासी व मालगाड्या ओढल्या. त्या इंजिनांपैकी फारच थोडी आज शिल्लक आहेत. उरलेल्यांतील काही महत्त्वाची इंजिने ऐतिहासिक मूल्य पाहून निवडली गेली नव्हती. ती आडबाजूला पडून राहिल्यामुळे किंवा वेगळ्या उपयोगामुळे वाचली.

पार्श्वभूमी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. या तिन्हींपैकी एकही इंजिन आज अस्तित्वात नाही. निकामी इंजिनाचे पोलाद, भट्टीचे तांबे आणि पितळी भाग यांना चांगली किंमत येत असे. त्यामुळे निवृत्त इंजिन मोडून विकणे हीच सर्वसाधारण रीत होती. जतनाचा विचार पुढे आला तोवर सुरुवातीच्या काळातील बहुतेक इंजिने नाहीशी झाली होती.

स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधील चित्तरंजन येथील कारखान्यात १९५० पासून वाफेची इंजिने तयार होऊ लागली. तेथील शेवटचे ब्रॉडगेज वाफेचे इंजिन १९७० मध्ये बाहेर पडले. त्याला ‘अंतिम सितारा’ असे नाव देण्यात आले. १९७२ मध्ये शेवटचे मीटरगेज इंजिन तयार झाले आणि हे उत्पादन थांबले. कोळशातील उष्णतेचा दहावा हिस्साही प्रत्यक्ष ओढण्याच्या कामी येत नसल्याने डिझेल व विद्युत इंजिने अधिक किफायतशीर ठरली. ब्रॉडगेज मार्गावरील वाफेची नियमित सेवा डिसेंबर १९९५ मध्ये पंजाबमधील जालंधर–फिरोजपूर मार्गावर संपुष्टात आली.

योगायोगाने वाचलेली इंजिने

‘फेअरी क्वीन’ हे इंजिन इंग्लंडमधील लीड्स येथे १८५५ मध्ये तयार झाले आणि ईस्ट इंडियन रेल्वेच्या सेवेत दाखल झाले. १९०९ मध्ये निवृत्त झाल्यावर ते मोडले गेले नाही. हावडा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभे करण्यात आले. १९४३ मध्ये ते उत्तर प्रदेशातील चंदौसी येथील रेल्वे प्रशिक्षण शाळेत हलविले गेले. शोभेची आणि नंतर शिकवणीची वस्तू बनल्यामुळेच ते टिकले. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आले.

पतियाळा संस्थानातील एकरुळी रेल्वेची कथा याहून वेगळी आहे. या गाडीचा बहुतेक भार एकाच रुळावर असे आणि तोल राखणारे एक मोठे चाक शेजारच्या रस्त्यावरून धावे. तिच्यासाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार इंजिने आणली होती. १९२७ मध्ये ही रेल्वे बंद पडली. त्यानंतर तिचे अवशेष पतियाळाच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आवारात विस्मृतीत पडून होते. १९६२ मध्ये रेल्वे इतिहासाचे अभ्यासक माइक सॅटो यांना ते आढळले. अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात त्यांतील एक इंजिन पुन्हा चालते करण्यात आले व तेही राष्ट्रीय संग्रहालयात दाखल झाले.

संग्रहालये आणि शेड

दिल्लीतील चाणक्यपुरी येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये खुले झाले. अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्ये तयार झालेले मीटरगेज इंजिन येथे आहे. ते भारतात बांधले गेलेले पहिले रेल्वे इंजिन मानले जाते. म्हैसूर, हावडा आणि चेन्नई येथेही रेल्वे संग्रहालये आहेत.

हरियाणातील रेवाडी येथील शेड १८९३ मधील आहे. वाफेची सेवा बंद झाल्यावर ते अनेक वर्षे दुर्लक्षित राहिले. नंतर त्याची दुरुस्ती झाली आणि २०१० मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. येथील काही इंजिने चालत्या स्थितीत ठेवली जातात. ‘अकबर’ हे डब्ल्यूपी वर्गातील प्रवासी इंजिन हिंदी चित्रपटांतूनही दिसले आहे.

डोंगरी रेल्वे

दार्जिलिंग व निलगिरी या डोंगरी रेल्वेंवर वाफेचे इंजिन संग्रहालयाबाहेर आजही काम करते. युनेस्कोने दार्जिलिंग रेल्वेला १९९९ मध्ये आणि निलगिरी रेल्वेला २००५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. निलगिरी मार्गावर मेट्टुपालयम ते कुन्नूर दरम्यानच्या चढावर दोन रुळांमध्ये दात्यांची पट्टी बसविलेली असून इंजिनाचे दातेरी चाक तीत अडकून गाडी वर चढते. तेथील जुनी स्विस बनावटीची इंजिने थकल्यावर तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कारखान्यात त्याच धर्तीची नवी इंजिने बांधण्यात आली.

महाराष्ट्र

नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठीही ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीचीच चार इंजिने घेण्यात आली होती. घाटातील तीव्र वळणांवर टोकाच्या चाकांना थोडे बाजूला सरकता यावे, अशी त्यांची रचना होती. १९८२ पर्यंत ती सेवेत होती. त्यांतील एक राष्ट्रीय संग्रहालयात आणि एक ब्रिटनमध्ये जतन केलेले आहे. विदर्भात ‘शकुंतला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळ–मूर्तिजापूर गाडीला १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ओढत होते. नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे.

जतनातील अडचणी

उघड्यावर ठेवलेले इंजिन रंगरंगोटीमुळे बाहेरून चांगले दिसले, तरी बॉयलरवरील पत्र्याच्या आवरणाखाली पाणी मुरते आणि आतील पोलाद गंजत जाते. चालत्या इंजिनाच्या अडचणी निराळ्या असतात. जड पाण्यामुळे बॉयलरच्या नळ्यांवर क्षारांचा थर साचतो, म्हणून तो वेळोवेळी धुवावा लागतो. थंड इंजिन तापविण्यास कित्येक तास लागतात. घाई केल्यास धातू असमान प्रसरण पावून सांधे गळू लागतात. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. ते नव्याने घडवावे लागतात किंवा दुसऱ्या इंजिनातून काढावे लागतात. आगीचा रंग व पाण्याची पातळी पाहून भट्टी सांभाळणारे फायरमन आणि बॉयलर दुरुस्त करणारे कारागीर निवृत्त होत गेले. या कामातील पुष्कळसे ज्ञान हाताखाली काम करूनच मिळत असल्याने इंजिनाइतकेच ते कौशल्य टिकविणेही आवश्यक ठरते.

मूळ वस्तू आणि चालती वस्तू यांतील निवड हा जतनातील कळीचा प्रश्न आहे. ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर आले आणि १९९८ मध्ये नियमित सेवेतील जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. २०११ मध्ये त्याचे अनेक भाग चोरीस गेले. चेन्नईतील पेरांबूर येथील कारखान्यात दुरुस्ती झाल्यावर ते २०१७ मध्ये पुन्हा धावले. अशा प्रत्येक दुरुस्तीत नवे भाग बसतात आणि १८५५ चा मूळ धातू कमी होतो. याउलट, इंजिन कायमचे स्थिर ठेवल्यास मूळ भाग टिकतात, परंतु ते चालविण्याचे ज्ञान लोप पावते. म्हणून एकाच वर्गातील एकाहून अधिक इंजिने शिल्लक असल्यास एक मूळ स्वरूपात ठेवणे व दुसरे चालविणे हा मध्यम मार्ग मानला जातो. एकमेव उरलेल्या इंजिनाबाबत हा मार्ग उपलब्ध नसतो.