डॉ. श्रीराम लागू : वाचिक अभिनय आणि प्रमाण मराठी

नटाचे चरित्र लिहिताना भूमिकांची यादी करणे सोपे असते. त्याच्या उच्चाराचा इतिहास लिहिणे अवघड. डॉ. श्रीराम लागू (१९२७–२०१९) यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांतील बहुतेक लेखन त्यांच्या बुद्धिवादाविषयी, विवेकवादी सामाजिक कार्याविषयी, किंवा ‘नटसम्राटा’तील गणपतराव बेलवलकरांविषयी आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्यांच्याकडे पाहण्याचे निराळे कारण आहे. प्रमाण मराठी कानाला कशी लागावी, याचा एक नमुना या नटाने जवळजवळ अर्धशतक प्रेक्षकांपुढे ठेवला. तो नमुना कोठून आला व त्याने काय साधले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे त्यांचा जन्म झाला. घर डॉक्टरांचे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक झाले. पुढील शिक्षणासाठी परदेशी गेले आणि काही काळ पूर्व आफ्रिकेत टांझानियात त्यांनी व्यवसाय केला. स्वरयंत्राची रचना शस्त्रक्रियेच्या मेजावर पाहिलेला आणि तेच स्वरयंत्र रंगमंचावर वापरणारा असा दुसरा थोर मराठी नट प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही. तथापि या योगायोगाला फार महत्त्व देण्यात अर्थ नाही. घशाचे ज्ञान असलेले डॉक्टर अनेक असतात. ते सर्वच बोलण्यात कुशल असतात असा अनुभव नाही.

त्यांची खरी शाळा पुण्यातील प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही हौशी संस्था. भालबा केळकर प्रभृतींच्या सहवासात डॉक्टरी सांभाळून त्यांनी कामे केली. वसंत कानेटकरांचे ‘वेड्याचं घर उन्हात’ (१९५७) हे त्या काळातील. हौशी रंगभूमीचे वैशिष्ट्य असे की तिच्यामागे संगीत नाटकाच्या गद्याचा वारसा नव्हता, किंवा असलाच तर तो नाकारण्याची जिद्द होती. १९३३ साली नाट्यमन्वंतराने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली, तेव्हापासून घरगुती बोलण्याची लय नाटकात आणण्याचा प्रयत्न चालू होता. पण घरगुती लय आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा स्पष्ट उच्चार यांचा मेळ बसेना. जुना नट ऐकू येई, पण माणसासारखा बोलत नसे. नवा नट माणसासारखा बोले, पण ऐकू येत नसे.

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा अखेरीस येते. होकार की नकार, काळ कोणता, बोलणाऱ्याचा कल कसा, हे सारे त्या अखेरच्या दोनतीन अक्षरांत साठलेले असते. आणि स्वाभाविक बोलण्यात नेमका तेथेच आवाज खाली उतरतो, श्वास संपत आलेला असतो. ‘तो येणार नाही असे मला वाटत नव्हते’ या साध्या वाक्यात शेवटचा शब्द गिळला तर अर्थ उलटा होतो. लागूंनी वाक्याचा शेवट कधी पडू दिला नाही. आवाज खाली नेतानाही त्यांनी व्यंजन पुसट होऊ दिले नाही, आणि श्वासाची जागा व्याकरणाच्या विरामावर न ठेवता विचाराच्या वळणावर ठेवली. त्यांच्या दीर्घ विरामांना काही जण कृत्रिम म्हणत. क्वचित ते तसे होतही. विशेषतः हिंदी चित्रपटांतील न्यायाधीश आणि पित्यांच्या भूमिकांत तो विराम निव्वळ सवय होऊन बसला, असे माझे मत आहे. या विषयावर त्यांनी स्वतः ‘वाचिक अभिनय’ हे पुस्तक लिहिले, यावरून त्यांना तो केवळ अंगभूत देणगीचा भाग वाटत नव्हता हे उघड आहे.

१९६९ साली वैद्यकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले. कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ने ती सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ त्यांनी दिग्दर्शित केले व त्यावरून सेन्सॉरशी झगडा झाला. आणि डिसेंबर १९७० मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणले. एकाच वर्षातील या दोन नाटकांची भाषा शेजारी ठेवून पाहावी. पहिलीत शिवी आहे, दुसरीत स्वगत आहे. ‘नटसम्राटा’चे दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे, हे आपल्याकडील विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

बेलवलकरांच्या भाषेत दोन थर आहेत. एक जुन्या रंगभूमीचा, भारदस्त व पल्लेदार. दुसरा म्हाताऱ्या बापाचा, कावेरीशी कुरबुरणारा. शेक्सपिअरच्या लिअरची सावली या नाटकावर आहे, पण लिअर राजा आहे आणि बेलवलकर राजांच्या भूमिका करणारा माणूस आहे. म्हणून त्याची भव्य भाषा उसनी आहे, आणि संकटात त्याच्यापाशी तेवढीच उरते. लागूंचे कर्तृत्व या दोन थरांमधील सांधा दिसू न देण्यात नव्हे, तर तो नेमक्या जागी दिसू देण्यात होते. घरगुती वाक्य बोलता बोलता आवाज एकदम छातीतून येऊ लागे, आणि प्रेक्षकास कळे की म्हातारा आता घरात नाही, रंगमंचावर आहे. पुढे दत्ता भट यांच्यासारख्या समर्थ नटांनी ही भूमिका केली, तरी तुलनेचा मापदंड बदलला नाही.

रंगभूमीवरील हे यश ऐकताना एक प्रश्न मनात राहतो. हा मापदंड कोणाच्या मराठीचा? त्याचे उत्तर चित्रपटांत सापडते. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त (१९७२) ते शाळामास्तर आहेत, मास्तरांची शुद्ध भाषा ही त्यांच्या नीतीची खूण आहे, आणि तमाशाच्या फडात ती दोन्ही अंगांनी ढासळते. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’त (१९७४) तेंडुलकरांनी हाच व्यूह उलटा मांडला. येथे मास्तर दारूत बुडालेला, भटका. समोर साखर कारखान्याचे धनी हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले. मारुती कांबळेचे काय झाले, हा मास्तरांचा प्रश्न प्रमाण मराठीत विचारला जातो. सत्ता मात्र ग्रामीण ढंगाच्या, गोड, ओठांतल्या ओठांत राहणाऱ्या मराठीत बोलते. निळू फुले वाक्याचा शेवट मुद्दाम सोडून देतात, कारण ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला वाक्य पुरे करावे लागत नाही. लागू प्रत्येक अक्षर उच्चारतात, कारण त्यांच्यापाशी अक्षरांखेरीज काही नाही. दोन नटांची अशी जुगलबंदी मराठी पडद्यावर विरळाच. ‘सिंहासना’त (१९७९) ते दोघे पुन्हा आहेत, पण तेथे नाट्य वाटले गेले आहे.

हिंदीतील शंभरावर चित्रपटांविषयी थोडक्यात आटोपता येईल. ‘घरोंदा’साठी (१९७७) फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, ॲटनबरोंच्या ‘गांधी’त (१९८२) ते गोखले झाले, मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये (१९८९) पावसात घराबाहेर पडून न परतणारे प्राध्यापक झाले. दूरदर्शनवरील ‘खानदान’ (१९८५) मालिकेने त्यांचा चेहरा नाटक न पाहणाऱ्या घरांतही नेला.

भंडारा जिल्ह्यात झाडीबोली बोलली जाते. तीत ‘पाणी’चे ‘पानी’ व ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. म्हणजे ण आणि ळ हे दोन वर्ण, ज्यांवर प्रमाण उच्चाराची परीक्षा घेतली जाते, ते येथे मुळात नाहीत. लागूंच्या ध्वनिफिती वर्गात आदर्श म्हणून ऐकविल्या जातात, तेव्हा साकोली-लाखांदूरच्या मुलाला स्वतःचा उच्चार सदोष वाटू लागतो. हा अन्याय लागूंचा नव्हे. त्यांच्या वाचिकाचे मर्म ण-ळ यांत नव्हते. ते श्वास, विराम आणि वाक्यान्त यांच्या जाणिवेत होते, आणि ती जाणीव कोणत्याही बोलीत साधता येते. ‘सामना’तील निळू फुल्यांनी ती दुसऱ्या भाषारूपात साधलेली आहेच. दिवाळीनंतर, धानाची कापणी आटोपत आली की, झाडीपट्टीत जी नाटके रात्रभर चालतात त्यांतही नायक अनेकदा प्रमाण मराठीत बोलतो आणि बोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. या वाटणीचा इतिहास अजून लिहावयाचा आहे. दंडार व खडी गंमत यांपासून त्याचा आरंभ करावा लागेल.

वयाच्या बाहत्तरीच्या सुमारास, १९९९ मध्ये, लागूंनी मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’ या नाटकात सॉक्रेटिस उभा केला. दिग्दर्शन अतुल पेठे यांचे. नाटकात घटना थोडी, बोलणे फार. वार्धक्याने आवाजातील छाती गेली होती. वाक्याचा शेवट मात्र अजून पडत नव्हता. १७ डिसेंबर २०१९ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.