हलके पोलादी गॉल्फ शाफ्ट कुठे आणि का तुटतात

आयर्न क्लबचा पोलादी शाफ्ट खेळता खेळता तुटला, की खेळाडूचा पहिला संशय त्या फटक्यावर जातो आणि दुसरा शाफ्ट बनवणाऱ्या कंपनीवर. बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात. चेंडूचे वजन नियमानुसार जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असते आणि क्लबच्या मुखाशी त्याचा संपर्क सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता टिकतो. तेवढ्याने धडधाकट पोलादी नळी तुटत नाही. तुटते ती आधीच कुठेतरी दुखावलेली नळी. आणि हलक्या शाफ्टमध्ये अशी दुखापत सोसण्याची ऐपत मुळातच कमी असते.

हिकरीच्या लाकडी दांड्यांची जागा पोलादाने घेतली, त्याला आता शंभर वर्षे होत आली. अमेरिकेच्या यूएसजीए या नियामक संस्थेने १९२४ मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या ‘आर अँड ए’ने १९२९ मध्ये पोलादी शाफ्टला मान्यता दिली. १९३१ मध्ये बिली बर्कने पोलादी शाफ्टच्या क्लबांनी यूएस ओपन जिंकल्यावर वादही उरला नाही. पुढे कित्येक दशके आयर्नचा शाफ्ट म्हणजे १२० ते १३० ग्रॅमची नळी, हे गृहीतच होते. ट्रू टेंपरचा ‘डायनॅमिक गोल्ड’ अजूनही त्याच वजनगटात मोडतो. ‘निप्पॉन एन. एस. प्रो ९५०’सारखे शंभर ग्रॅमच्या आतले शाफ्ट नंतर आले आणि आठवडाभर कार्यालयात बसून शनिवारी मैदानावर उतरणाऱ्या खेळाडूंना ते मानवले. आता सत्तर ग्रॅमच्या घरातलेही पोलादी शाफ्ट मिळतात.

हे वजन कमी होते कुठून? पोलादाची घनता बदलत नाही. दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम हा आकडा हलक्या आणि जड, दोन्ही शाफ्टला लागू आहे. म्हणजे कमी होते ती नळीच्या भिंतीची जाडी. एक मीटर लांब आणि सरासरी बारा मिलिमीटर व्यासाची नळी धरली, तर १३० ग्रॅमच्या शाफ्टची भिंत साधारण ०.४४ मिलिमीटर भरते, ९५ ग्रॅमच्या शाफ्टची ०.३२ आणि सत्तर ग्रॅमची जेमतेम पाव मिलिमीटर. प्रत्यक्षात ही जाडी सगळीकडे सारखी नसते. टोकाकडे ती अधिक ठेवतात, मुठीकडे कमी. तरी अंदाज यायला हा हिशेब पुरेसा आहे.

पातळ भिंतीची भरपाई कारखानदार अधिक बळकट मिश्रधातू आणि उष्णता-प्रक्रिया वापरून करतात. त्यामुळे ‘हलका म्हणजे तकलादू’ हा सरसकट समज अन्यायाचा आहे. मात्र मिश्रधातू कितीही उंची असला, तरी पोलादाचा मूळ ताठपणा जवळपास तोच राहतो. भिंत पातळ करूनही शाफ्ट तेवढाच ताठ हवा असेल, तर नळीचा व्यास वाढवावा लागतो. खालच्या टोकाला तीही सोय नाही, कारण क्लबच्या डोक्याची मान, म्हणजे होझल, तिथे आडवी येते. तिचे छिद्र ठरलेल्या मापाचे असते : आयर्नमध्ये निमुळत्या टोकासाठी ०.३५५ इंच आणि सरळ टोकासाठी ०.३७० इंच. वर, मुठीकडे, व्यास मोठा आणि भिंत पातळ अशी नळी शीतपेयाच्या डब्यासारखी वागते. उभ्या दाबाला ती दाद देत नाही, पण बाजूने छोटासा पोचा पडला की तिथेच दुमडते.

तुटलेला शाफ्ट फेकून देण्याआधी नीट पाहावा. तुटीची जागा आणि तिचा चेहरा बरेच काही सांगून जातो. नळी चपटी होऊन, दुमडून तुटली असेल, तर तिच्यावर एकदाच मोठा भार आला होता : झाडाचे मूळ, मातीखालचा दगड, बग्गीचे चाक किंवा रागाने आपटलेला क्लब. याउलट होझलच्या अगदी वर, बांगडी कापावी तशी सरळ तूट असेल, तर तो धातूचा थकवा समजावा. तार एका वेळी वाकवून तुटत नाही, पण त्याच जागी पुनःपुन्हा वाकवली की तुटते. तोच हा प्रकार. नळी होझलमध्ये घट्ट बसलेली आणि वरचा भाग मोकळा, म्हणून प्रत्येक फटक्याचा ताण त्या कडेवर एकवटतो. तुटीच्या पृष्ठभागाचा काही भाग तांबूस-काळा आणि उरलेला लख्ख असेल, तर काळा भाग जुन्या भेगेचा आणि लख्ख भाग त्या दिवशीचा. ती भेग अनेक फेऱ्या आधीपासून तिथे होती.

अशा भेगेची सुरुवात पुष्कळदा गंजातून होते. बाहेरचा निकेल-क्रोमचा मुलामा चकचकीत असला, तरी नळीचे आतले अंग तितके सुरक्षित नसते. मुठीच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून पाणी आत शिरते आणि क्लब पिशवीत उभा असल्याने तळाशी, होझलजवळच साचते. आखाती किनाऱ्यावरची खारट, दमट हवा आणि महिनोन्‌महिने गाडीच्या डिकीत पडून असलेली ओली पिशवी यांचा मेळ वाईटच. गंजाचा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा जाड भिंतीत किरकोळ असतो. पाव मिलिमीटरच्या भिंतीत तोच खड्डा जाडीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो.

दुसरे कारण जोडणीतले. गोंद नीट धरावा म्हणून शाफ्टच्या टोकावरचा मुलामा घासून काढतात. हे घासणे होझलच्या खोलीपेक्षा वर गेले, तर उघडे पोलाद फेरूल या प्लास्टिकच्या कड्याखाली लपते आणि तिथेच गंजते. शाफ्टची लांबी वाढवण्यासाठी मुठीच्या बाजूला खुंटी ठोकली असेल, तर खुंटी जिथे संपते तिथे, ग्रिपखाली, नळी मोडू शकते. डोकेच निसटून उडाले असेल, तर मात्र दोष शाफ्टचा नव्हे, गोंदाचा. कडक उन्हात तापलेल्या डिकीत तो मऊ पडतो.

तपासणीला दोन-तीन मिनिटे लागतात. फेरूलच्या वर आणि बांबूच्या पेरांसारख्या दिसणाऱ्या पायऱ्यांवर बोट फिरवून खरखर, पोचा किंवा पिशवीच्या कडेने पडलेला घासल्याचा पट्टा शोधावा. क्लब डोळ्यासमोर धरून नळी सरळ आहे का, ते पाहावे. वाकलेला हलका शाफ्ट गुडघ्यावर दाबून सरळ करण्याची खोड मोडावी. तो सरळ दिसतो, पण दुमडीची जागा कायमची दुबळी होते. विमानप्रवासानंतर ही तपासणी आवर्जून करावी. काँक्रीटवर अंथरलेल्या चटईवर जे खेळाडू रोज शंभर चेंडू मारतात, त्यांच्याबाबतीत दर हंगामाला एकदा पाहणे पुरेसे नाही.

हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही. तुटलेल्या पातळ नळीची कड चाकूइतकी धारदार असते आणि डोक्याचा तुकडा कुठे जाईल, याचा नेम नसतो. क्लब झाडावर किंवा बाकावर आपटल्यावर तुटलेला शाफ्ट उलटून खेळाडूच्याच अंगात घुसल्याच्या, प्रसंगी जिवावर बेतल्याच्या घटना अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत.

फेरीच्या मध्यात शाफ्ट तुटल्यास २०२३ पासूनचा नियम ४.१ खेळाडूला बदली क्लब घेऊ देतो. अट एवढीच, की क्लबचा गैरवापर करून तो तोडलेला नसावा. बदली क्लब त्याच मैदानावर खेळणाऱ्या दुसऱ्याकडून उसना घेता येत नाही आणि त्यासाठी खेळ रेंगाळवताही येत नाही. स्पर्धेचा स्थानिक नियम ही सवलत आणखी आवळू शकतो, म्हणून स्पर्धेचे पत्रक आधीच वाचावे.

नवा शाफ्ट बसवताना तोच नमुना, तेच वजन आणि तीच ताठरता मागावी, नाहीतर संचातला एकच क्लब हाताला परका लागतो. तूट गंजामुळे झाली असेल, तर त्याच पिशवीत, त्याच हवेत राहिलेले उरलेले आयर्नही त्याच वेळी कारागिराला दाखवावेत.