रायन, टोनी

रायन, टोनी : (२ फेब्रुवारी १९३६–३ ऑक्टोबर २००७). आयरिश उद्योजक, विमान भाडेपट्टा व्यवसायाचे आद्य प्रवर्तक आणि ‘रायनएअर’ या विमानकंपनीचे सहसंस्थापक. पूर्ण नाव टॉमस अँथनी रायन. टिपरेरी परगण्यात लिमरिक जंक्शन येथे जन्म. वडील आगगाडीचे चालक. थर्ल्स येथील शालेय शिक्षणानंतर ते ‘एअर लिंगस’ या सरकारी विमानकंपनीत नोकरीला लागले. शॅनन, शिकागो, न्यूयॉर्क येथे त्यांनी काम केले.

१९७० नंतर अटलांटिकपारची प्रवासी वाहतूक रोडावली आणि एअर लिंगसला आपली बोइंग ७४७ विमाने जड होऊ लागली. त्यांपैकी एक थायलंडच्या ‘एअर सयाम’ला भाड्याने देण्याचा व्यवहार रायन यांनी हाताळला, त्यासाठी ते बँकॉकला राहिले. एकीकडे विमान रिकामे उभे असते, तर दुसरीकडे विमान हवे असूनही खरेदीसाठी भांडवल नसते. या दोन टोकांना जोडणारा स्वतंत्र धंदा उभा राहू शकतो, हे त्यांनी येथे हेरले. १९७५ मध्ये एअर लिंगस आणि लंडनचा गिनेस पीट समूह यांच्यासह त्यांनी शॅनन येथे ‘गिनेस पीट एव्हिएशन’ (जीपीए) स्थापन केली. भांडवल ५०,००० डॉलर होते व त्यात रायन यांचा वाटा एक दशांश. विमानाची मालकी जीपीएकडे राही. विमानकंपनी मुदतीपुरते मासिक भाडे भरून ते वापरी आणि मुदत संपताच परत करी. मग तेच विमान दुसऱ्या देशातील ग्राहकाकडे जाई. परत आलेल्या विमानाला वेळेवर नवा ग्राहक शोधणे, हेच या धंद्यातील खरे कौशल्य होय.

१९८९ मध्ये जीपीएने सुमारे १७ अब्ज डॉलरची, ३०० हून अधिक विमानांची मागणी नोंदवली. मात्र १९९१ च्या आखाती युद्धाने हवाई प्रवास मंदावला. जून १९९२ मधील जीपीएची समभागविक्री गुंतवणूकदारांच्या थंड प्रतिसादामुळे मागे घ्यावी लागली. १९९३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या वित्तसंस्थेने सूत्रे हाती घेतली. त्यातून ‘जीकॅस’ ही कंपनी पुढे आली. रायन यांचे स्वतःचेही मोठे नुकसान झाले.

दरम्यान, जीपीएच्या उभारणीच्या काळातच, १९८४ मध्ये रायनएअरची स्थापना झाली होती. पुढील वर्षी वॉटरफर्ड–लंडन मार्गावर १५ आसनी विमानाने सेवा सुरू झाली. १९८६ मध्ये डब्लिन–लंडन मार्गावर प्रचलित भाड्याच्या निम्म्याहून कमी दर ठेवल्याने तिचा बोलबाला झाला. तरी सुरुवातीची वर्षे तोट्याची गेली. अमेरिकेच्या ‘साउथवेस्ट’ या स्वस्त दराच्या विमानकंपनीचा नमुना गिरवून मायकेल ओलिअरी यांनी ती नफ्यात आणली. ओलिअरी पूर्वी रायन यांचे आर्थिक सल्लागार होते. या यशात कोणाचा वाटा किती, याबाबत मतभेद आहेत.

उत्तरायुष्यात त्यांनी किल्डेअर परगण्यातील ‘लायन्स डमेन’ या जुन्या वाड्याचे जतन केले, शिक्षणसंस्थांना देणग्या दिल्या. लायन्स डमेन येथेच कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

रायनएअरच्या प्रसिद्धीमुळे जीपीएचे कार्य झाकोळले गेले असले, तरी ते अधिक मूलगामी आहे. जीपीएत तयार झालेल्या माणसांनी आयर्लंडमध्ये अनेक भाडेपट्टा कंपन्या काढल्या. भारतीय विमानकंपन्यांच्या ताफ्यातील अनेक विमानेही आयरिश कंपन्यांकडून भाड्याने घेतलेली आहेत. जीपीएच्या उरलेल्या भागातून वाढलेल्या ‘एअरकॅप’ने २०२१ मध्ये जीकॅस विकत घेतली; एअरकॅप आज जगातील सर्वांत मोठी विमान भाडेपट्टा कंपनी आहे.