सँकी ओढ्याचा वास : सामू मोजता येण्याआधीची गोष्ट

सांडपाण्याच्या तपासणी अहवालात सामूचा, म्हणजे पीएचचा, रकाना असतोच. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला आपल्याकडे मर्यादा आहे ५.५ ते ९. आकडा या पट्ट्यात बसला की बरोबरची खूण होते आणि नजर पुढच्या रकान्यावर जाते. आज आपण याच रकान्यापाशी थांबणार आहोत. त्यासाठी जायचंय एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, लँकशायरला. पीएच ही कल्पनाच तेव्हा नव्हती. ती सोरेनसन यांनी १९०९ साली मांडली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. हो, ते बिअरवाले कार्ल्सबर्गच!

सेंट हेलेन्स आणि विडनेस ही सोड्याची गावं. साबण, काच, कापड, सगळ्यांना धुण्याचा सोडा हवा असे, आणि तो मिठापासून ल-ब्लांक पद्धतीनं करत. मिठावर गंधकाचं आम्ल ओतायचं, मग कोळसा आणि चुनखडी घालून भाजायचं. हिशेबानं ८ टन सोड्यामागे सुमारे साडेपाच टन हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू धुराड्यातून बाहेर पडे. शिवाय कॅल्शियम सल्फाइडचा काळा गाळ उरे, त्याचे कारखान्यामागे डोंगर साचत. वायूनं झाडं जळत, पिकं जात, शेतकरी कोर्टात जात. कारखानदारांनी काय करावं? धुराडी आणखी उंच बांधली. वायू मग आणखी लांबच्या शेतांवर उतरू लागला.

विल्यम गॉसेज या कारखानदारानं १८३६ मध्ये उपाय काढला. एका पडीक पवनचक्कीत त्यानं झाडझुडपं भरली, वरून पाणी सोडलं आणि खालून वायू. वायू पाण्यात विरघळला. पुढे लॉर्ड डर्बी यांच्या पुढाकारानं लॉर्ड्सच्या सभागृहाची चौकशी समिती बसली (त्यांची नोजलीची जहागीर सेंट हेलेन्सजवळच होती, हे लक्षात घ्या) आणि १८६३ चा अल्कली कायदा आला. वायूपैकी निदान ९५ टक्के पकडायचा. पहिले निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ. ‘आम्लपाऊस’ हा शब्दप्रयोग रूढ होण्यात यांचाच मोठा वाटा. कायदा पाळलाही गेला. हवेच्या बाजूनं बघितलं तर मोठं यश.

पण पकडलेलं आम्ल गेलं कुठे? कायद्यात त्याबद्दल काही नव्हतं. विकत घेणारं गिऱ्हाईक पुरेसं नव्हतं, तेव्हा आम्लाचं पाणी सरळ ओढ्यात. सेंट हेलेन्सकडून मर्सी नदीकडे जाणारा सँकी ओढा हे पाणी वाहून नेई, आणि त्याच पाण्यात काळ्या गाळाचा निचराही उतरे. आम्ल आणि सल्फाइड भेटले की हायड्रोजन सल्फाइड होतो. कुजक्या अंड्यांचा वास, आणि जास्त झाला तर माणूस मरतो. धुराड्यातलं संकट ओढ्यात उतरलं आणि दुसऱ्या रूपात पुन्हा हवेत आलं.

आम्हाला या गोष्टीत सर्वात बोचतं ते हे, की एकही प्रवाह एकटा असता तर इतका वास आला नसता. गाळाचा निचरा अल्कधर्मी, त्यातलं सल्फाइड पाण्यातच विरघळून राही. आम्लानं सामू खाली ओढला तेव्हा ते वायू होऊन सुटलं. आज हे आकड्यात सांगता येतं. सामू ९ असताना विरघळलेल्या सल्फाइडपैकी जेमतेम १ टक्का वायूच्या रूपात असतं, ७ ला साधारण निम्मं, आणि ५.५ ला जवळजवळ ९७ टक्के. सामूत एक अंक कमी म्हणजे आम्लता दहापट. आता आपली मर्यादा आठवा, ५.५ ते ९. दोन्ही टोकं कायदेशीर!

लँकशायरला सुटका झाली ती मुख्यतः बाजारामुळे. आम्लापासून क्लोरीन, त्यापासून कापड-कागदाची विरंजक पूड करायच्या वेल्डन आणि डीकन यांच्या पद्धती १८६० च्या दशकाअखेरीस पुढे आल्या आणि आम्लाला भाव आला. गाळातून गंधक परत काढणं १८८० च्या दशकात जमलं.

हे सगळं जुनं झालं असं वाटेल. पण चामडं कमावण्याचा कारखाना बघा. केस काढायला चुना आणि सल्फाइड, त्या पाण्याचा सामू १२ च्या आसपास. क्रोमनं कमावण्याचं पाणी आम्लधर्मी, ३-४ च्या घरात. एकाच छपराखाली सँकी ओढ्याचे दोन्ही प्रवाह. म्हणून ती दोन पाणी वेगवेगळ्या हौदांत घ्यायची. सल्फाइडच्या हौदात हवा खेळवून, मँगनीजचं मीठ घालून आधी सल्फाइड संपवायचं, आणि मगच एकत्र करायचं. घाईत क्रम उलटा झाला, की सर्वात आधी गाठला जातो तो हौदात उतरलेला कामगार. जानेवारी २०२२ मध्ये सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधलं रसायन नाल्यात सोडताना विषारी वायू सुटला आणि सहा कामगार दगावले. ज्यानं टँकर रिकामा केला त्याला नाल्यातलं पाणी आधीपासून आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, निदान एवढं तपासायला लिटमसचा एक कागद पुरला असता.