स्थूलत्वावरील शस्त्रक्रियेपूर्वीचा अल्प उष्मांक आहार : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

स्थूलत्वावरील (बेरिॲट्रिक) शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णास साधारणतः दोन आठवडे, काही ठिकाणी त्याहून अधिक काळ, दररोज ८०० ते १२०० उष्मांकांच्या आहारावर ठेवले जाते. या काळात अनेकांचे वजन अपेक्षेप्रमाणे उतरत नाही आणि ‘तोंडावर ताबा नाही’ हा जुना ठपका त्यांच्यावर नव्याने बसतो. नांदगाव पेठसारख्या महामार्गावरील गावातून अमरावती वा नागपूरला उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाने तो दवाखान्याच्या आधी घरीच ऐकलेला असतो. प्रस्तुत निबंधात या आहाराकडे वैद्यकाच्या नव्हे, तर इतिहासाच्या अंगाने पाहिले आहे. शरीराची एक तांत्रिक पूर्वतयारी ही रुग्णाच्या चारित्र्याची परीक्षा कशी झाली, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

दुष्काळी मजुरी ते मिनेसोटा

कमी अन्नावर माणूस किती काळ राहू शकतो, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम सरकारी पातळीवर विचारला गेला तो १८७६-७८ च्या दुष्काळात. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी दिवसाला सुमारे एक पौंड धान्य व जोडीला एक आणा एवढ्यावर आणली. मदत सढळ दिली तर लोक आयते खाण्यास सोकावतील, ही त्यामागची धारणा होती. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करण्यास नकार दिला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आजच्या हिशेबाने एक पौंड धान्य म्हणजे सुमारे १६०० उष्मांक. त्या काळी हा हिशेब कोणी करीत नव्हते. अन्नातील उष्मांक मोजण्याची पद्धत विल्बर ॲटवॉटर यांनी अमेरिकेत रूढ केली ती शतकाच्या अखेरीस. पुढे १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टर स्त्रीच्या पुस्तकाने उष्मांक मोजून खाण्याची कल्पना घरोघरी नेली. वजन आणि संयम यांची गाठ त्याच सुमारास पक्की बसली, असे म्हणण्यास हरकत नाही.

जवळपास तोच आकडा १९४५ मध्ये पुन्हा भेटतो. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे सरासरी १६०० च्या आतबाहेर उष्मांकांवर ठेवले. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार देणारे आणि स्वेच्छेने प्रयोगात उतरलेले होते. त्यांच्या मनोनिग्रहाविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते. तरीही काही आठवड्यांत त्यांना अन्नाखेरीज दुसरे काही सुचेना. ते ताटे चाटून पुसत, पाककृतींची पुस्तके जमवीत. काहींनी चोरून खाल्ले. पुढे त्यांना एकट्याने बाहेर जाण्यास मनाई करावी लागली. हे सर्व मुळात सडपातळ होते, त्यामुळे त्यांचा अनुभव स्थूल व्यक्तीस जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु भुकेचे हे वर्तन स्वभावदोषातून आलेले नव्हते, एवढे या प्रयोगाने निर्विवाद दाखविले. शस्त्रक्रियेपूर्वीचा आहार कित्येकदा याच्या निम्मा असतो, हे येथे लक्षात घ्यावे.

१९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचे जनुक सापडले. चरबीच्या साठ्याची वार्ता मेंदूला देणारे हे संप्रेरक. वजन घटले की ते कमी होते, भूक वाढते आणि शरीर ऊर्जेचा खर्च आवरते घेते. मेलबर्न येथील २०११ च्या एका अभ्यासात दहा आठवडे अत्यल्प आहार घेतलेल्या व्यक्तींच्या भुकेच्या संप्रेरकांतील बदल वर्षभरानंतरही पूर्ववत झालेले नव्हते. पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणारे वजन बरेचसे पाण्याचे असते; नंतर काटा अडतो आणि रुग्ण खोटा ठरतो.

वऱ्हाडातील ताट

आपल्याकडे या अडचणीला आणखी एक पदर आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. या परंपरेत देह कमवायचा असतो, घटवायचा नसतो. दूध, तूप, बदाम हे बळाचे अन्न. रोडगे-वांग्याच्या पंगतीत हात आखडता घेणे म्हणजे यजमानाचा अपमान. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्याच्या जेवणाच्या वेळाही दर आठवड्याला बदलतात.

आणि उपास! साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी असे एकादशीचे ताट उष्मांकांत नेहमीच्या भाकरी-वरणाहून हलके असतेच असे नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या आहारात प्रथिने राखून पिष्टमय पदार्थ तोडायचे असतात. उपासाच्या ताटात नेमके उलटे घडते. ‘मी तर आठवड्यातून दोन उपास करते’ असे सांगणारी स्त्री खोटे बोलत नसते. तिचा आणि आहारतज्ज्ञाचा शब्दकोश वेगळा असतो.

यकृत आणि काटा

लठ्ठपणावरील आतड्यांची शस्त्रक्रिया १९५४ मध्ये क्रेमेन व लिनर यांनी प्रसिद्ध केली. १९६० च्या दशकात एडवर्ड मेसन यांनी आयोवा येथे जठराची बायपास शस्त्रक्रिया सुरू केली. ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ लागली ती १९९४ पासून, आणि यकृताची अडचण तेव्हा ठळक झाली. स्थूल व्यक्तीचे यकृत चरबीने वाढलेले असते. त्याचा डावा भाग जठरावर आडवा येतो व छोट्या छिद्रांतून काम करणाऱ्या शल्यविशारदास तो उचलणे जड जाते. अल्प उष्मांक आहाराचे मुख्य तांत्रिक प्रयोजन हे यकृत लहान करणे होय. मेलबर्न येथेच २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या अभ्यासात यकृताचे आकारमान सुमारे एक पंचमांशाने घटले आणि त्यातील सुमारे ८० टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली. शरीराचे वजन मात्र बाराही आठवडे सावकाश उतरत राहिले. म्हणजेच काटा अडलेला दिसत असताना यकृत आपले काम उरकत असू शकते. पण काटा प्रत्येक दवाखान्यात असतो, यकृत मोजण्याची सोय नसते. साहजिकच जे मोजता येते, त्यावरून रुग्णाची परीक्षा होते.

ही परीक्षा सर्वांची सारखी होत नाही. भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष, नागपूरचे नितीन गडकरी यांच्यावर २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा विदर्भात तिच्याकडे उपचार म्हणून पाहिले जाऊ लागले. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद हिला मालवाहू विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले गेले. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते. द्रव आहारावर तिचे वजन आधी उतरविण्यात आले, ७ मार्चला शस्त्रक्रिया झाली. वजनाच्या आकड्यांवरून पुढे रुग्णालय व तिची बहीण यांच्यात जाहीर वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलविले गेले आणि २५ सप्टेंबरला तिचे निधन झाले. या गदारोळात एक बाब मागे पडली. तपासणीत तिच्या लेप्टिन-ग्राहकाच्या जनुकात दोष आढळल्याचे डॉक्टरांनी जाहीर केले होते. तृप्तीचा निरोपच तिच्या मेंदूपर्यंत नीट पोहोचत नव्हता. वृत्तपत्रांतून मात्र किलोंची मोजदाद चालू होती.

परस्परविरोधी दोन अटी

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांद्वारे या शस्त्रक्रियेस विमासंरक्षणाची वाट करून दिली. देहभारांक ४० किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, आणि वजन घटविण्याचे सौम्य उपाय अयशस्वी ठरलेले असणे, या त्यातील अटी. (भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी सुचविलेल्या मर्यादा ३७.५ व ३२.५ अशा आहेत, हे येथे नोंदवावयास हवे.) म्हणजे विम्यासाठी रुग्णाने आहारात अपयश आल्याचे कागदोपत्री दाखवायचे आणि त्यानंतर शस्त्रक्रियेच्या मेजावर जाण्यासाठी त्याच आहारात यशस्वी व्हायचे. अमेरिकेत विमा कंपन्या अनेक महिन्यांच्या आहाराची सक्ती करीत. तेथील बेरिॲट्रिक शल्यविशारदांच्या संघटनेने २०११ मध्ये अशा सक्तीस पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे निवेदन काढले. दोन आठवड्यांच्या आहाराची गोष्ट वेगळी. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री चाचणीत असा आहार घेतलेल्यांमध्ये पहिल्या तीस दिवसांतील गुंतागुंत कमी आढळली, शस्त्रक्रियेच्या वेळेत मात्र फरक पडला नाही. दोन आठवडे ताक, मुगाचे पातळ वरण, अंड्याचा पांढरा बलक आणि डॉक्टरांनी दिलेली प्रथिनांची भुकटी यांवर काढणाऱ्या रुग्णाला हे दोन आठवडे नेमके कशासाठी आहेत, हे पहिल्याच भेटीत त्याच्या भाषेत सांगता येण्यासारखे आहे.